पहिला ट्रेक: चढण्याआधी उतरण्याचा हिशेब

‘ट्रेकला जायचंय, एखादा सोपा गड सांगा’ असं कुणी विचारलं की ठरलेली नावं पुढे येतात: लोहगड, तिकोना, राजमाची. नावं बरोबरच आहेत, पण तेवढ्याने भागत नाही. जुलैतल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसाला माणूस खेटलेला असतो आणि पायाखालून पाणी वाहत असतं. तोच गड डिसेंबरातल्या एखाद्या मंगळवारी घरच्या आजीलाही सावकाश दाखवून आणता येतो. गड सोपा की अवघड हे त्याच्या उंचीइतकंच महिन्यावर, वारावर आणि तुम्ही किती वाजता परत फिरता यावर ठरतं.

त्यातही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नवखा माणूस ‘चढायला किती वेळ लागतो’ हे विचारतो, ‘उतरायला कधी निघायचं’ हे विचारत नाही. पाय मुरगळणं, वाट चुकणं, अंधारात अडकणं, हे प्रकार बहुतेक परतीच्या वाटेवर होतात. मांड्या भरून आलेल्या असतात, पाणी तळाला गेलेलं असतं आणि डोक्यात गाडी पकडायची घाई असते. म्हणून पहिल्या ट्रेकची आखणी उलटी करायची, संध्याकाळकडून सकाळकडे. ती कशी, ते लोहगड धरून सांगतो, कारण तिथे लोकलने जाता येतं आणि वाट चुकायला फारशी जागा नाही.

महिना आधी: पायांना सवय

जिमची खास गरज नाही. तीन-चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस, सलग चाळीस-पन्नास मिनिटं झपझप चाला आणि त्यातली पंधरा मिनिटं जिने चढा-उतरा. लिफ्टने वर जाऊन जिन्याने उतरलात तरी चालेल. गुडघ्यावर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर खरा ताण येतो तो उतरताना, आणि सपाट रस्त्यावर चालून त्यांना ती सवय लागत नाही.

पुणेकरांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत आणि सिंहगड तर हाताशीच आहे. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड दीड तासात, वाटेत दोनदा थांबून, धाप न लागता चढता आला तर पहिल्या ट्रेकसाठी तुम्ही तयार आहात. फक्त वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही झाल्यावर जीपने खाली येऊ नका. निम्मा सिंहगड हेच करतो आणि मग ‘चढायला काही वाटत नाही हो, उतरताना गुडघे बोलतात’ अशी तक्रार करतो. मुंबईकरांसाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जाऊन चालतच परत येणं हा चांगला सराव आहे.

दमा, रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्याचं जुनं दुखणं यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारा आणि बरोबरच्या दोघांना तरी सांगून ठेवा. इन्हेलर सॅकच्या तळाशी ठेवायची वस्तू नाही. ती खिशात हवी.

बूट आणि सॅक

पैसे खर्च करायचेच असतील तर बुटांवर करा, बाकी सगळं घरातलं चालतं. महागडेच बूट हवेत असंही नाही. सह्याद्रीतल्या जुन्या भटक्यांच्या पायात वर्षानुवर्षं ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज दिसत आले आहेत. तळव्याचा रबर मऊ असावा, नक्षी खोल असावी आणि अंगठ्यापुढे अर्धं बोट जागा असावी. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून माप घ्या. नवे बूट दोन आठवडे बाजारहाटाला, ऑफिसला वापरा आणि मगच डोंगरावर न्या. निघायच्या आदल्या रात्री पायाची नखं कापा. उतरताना बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात, त्यामागे बहुधा वाढलेली नखं नाहीतर सैल नाडी असते.

एक मात्र खरं, शेवाळलेल्या ओल्या कातळावर कुठलाच बूट धरत नाही. तिथे विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका.

सॅक वीस-पंचवीस लिटरची, दोन्ही खांद्यांवर घ्यायची. एका खांद्यावरची पर्स नको आणि हातातली पिशवी तर नकोच, कारण हात दोन्ही मोकळे लागतात. आत आधी कचऱ्याची एक मोठी काळी पिशवी अस्तरासारखी घाला आणि सामान त्यात भरा. रेनकव्हर वरून ओतणारा पाऊस अडवतं, पण पाठीवरून ओघळणारं पाणी आत जातंच.

पाणी माणशी तीन लिटर. एका मोठ्या बाटलीपेक्षा एकेक लिटरच्या तीन बऱ्या, कारण किती संपलं ते कळतं आणि वजन दोन्ही बाजूंना वाटता येतं. ओआरएसची दोन-तीन पाकिटं आणि मीठ-साखर घातलेलं लिंबू-सरबत. घाम आल्यावर नुसतं पाणी पीत राहिलात तरी पोटऱ्यांना गोळे येतात, ते मीठ गेल्यामुळे. खायला दशम्या, धपाटे, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, काकडी. तेलकट वडापाव पायथ्याला परत आल्यावर खा, चढताना तो छातीशी बसतो.

टॉर्च प्रत्येकाकडे हवा, दिवसाच्या ट्रेकलासुद्धा. मोबाइलचा टॉर्च त्यात धरायचा नाही, तो फोनचा चार्ज खातो आणि एक हात अडकवतो. डोक्याला लावायचा हेडटॉर्च घ्या. शिवाय क्रेप बँडेज, जखमेवरच्या पट्ट्या, स्वतःची रोजची औषधं, एक शिट्टी, मोज्यांचा जादा जोड आणि कोरडा टी-शर्ट. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि गुडघ्यात पाय वाकू देत नाही. अंगभर बाह्या आणि पूर्ण पँट घाला, कारवीच्या झुडपांतून आणि काट्यांतून जाताना त्याचं मोल कळतं. छत्री घरी ठेवा, माथ्यावरच्या वाऱ्यात ती उलटी होते आणि शेजारच्याच्या डोळ्यावर येते.

कोणत्या महिन्यात

पावसाळ्यातला सह्याद्री सुंदर दिसतो यात वाद नाही, पण पहिल्या ट्रेकसाठी मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने सांगेन. वाटा वाळलेल्या असतात, दूरवरचं दिसतं आणि ऊन सोसतं. सप्टेंबरच्या शेवटीही छान असतं, पठारं सोनकीच्या फुलांनी पिवळी झालेली असतात. मार्चपासून मे पर्यंत सकाळी दहाच्या आत सावली गाठता येणार नसेल तर बाहेर पडू नका. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग भरून येऊन विजा कडाडतात. ढग काळवंडले की माथा, धार, एकटं झाड, झेंड्याचा खांब आणि लोखंडी रेलिंग सोडायचं आणि खाली सरकायचं.

पावसात जायचंच असेल तर हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा आदल्या संध्याकाळी आणि निघताना असा दोनदा बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द. जिल्हाधिकाऱ्यांची बंदी आहे का तेही बघा, कारण पावसाळ्यात धबधब्यांच्या आणि गडांच्या जागी तसे आदेश निघतात. ओढ्याचं पाणी तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही वाढतं, कारण तो वर डोंगरात पडत असतो. स्वच्छ वाहणारं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज बदलला की पात्रातून लगेच बाहेर. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि ओढ असेल तर ओलांडायचं नाही. पाणी ओसरेपर्यंत थांबायचं, नाहीतर आल्या वाटेने परत.

कुणाबरोबर

पहिल्यांदा एकट्याने नको. चार ते आठ जण, त्यातला एक तरी तो गड आधी केलेला. ज्याला वाट माहीत आहे तो पुढे, अनुभवी दुसरा सगळ्यात मागे. मागच्या गड्याच्या मागे कुणी राहायचं नाही, हा एकच नियम कडक पाळा. वेग सगळ्यात हळू माणसाचा. चालताना सलग वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर, शब्दाशब्दाला धाप लागत असेल तर जास्त आहे.

पैसे भरून जाणार असाल तर जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवा आणि चार प्रश्न विचारा. किती माणसांमागे एक लीडर? त्यातल्या किती जणांनी प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलंय? पाऊस वाढला तर पर्यायी बेत काय? परत फिरायची वेळ किती? एका बसमध्ये पन्नास माणसं आणि दोन लीडर असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आहे आणि आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं त्यात अपेक्षित आहे, ती आहे का हेही विचारा. गावातल्या जुन्या गिर्यारोहण संस्थांबरोबर जाता आलं तर उत्तम. तिथे सोय कमी, पण शिकायला जास्त मिळतं.

निघण्याआधी घरच्या एका माणसाला मेसेज करा: गड, पायथ्याचं गाव, चढायची-उतरायची वाट, बरोबरची माणसं आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर शोध घ्या’ अशी वेळ. वर रेंज नसते, म्हणून हा मेसेज आधीच गेलेला हवा.

लोहगडाचा दिवस, उलट्या क्रमाने

डिसेंबर धरू. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नवख्यांनी मावळतीच्या दोन तास आधी पायथ्याला असावं, म्हणजे मळवली स्टेशनवर चार वाजता. गडमाथ्यापासून मळवलीपर्यंत उतरायला आणि चालायला नवख्या गटाला अडीच तास धरा. म्हणजे माथा दीडला सोडायचा. दीड ही पक्की वेळ. विंचूकाटा, म्हणजे गडाचं लांब चिंचोळं टोक, बघून झालेलं असो वा नसो, कुणाचे फोटो राहिलेले असोत वा नसोत.

आता चढाई. मळवली ते माथा तीन तास. साडेसातला मळवली सोडलीत तर साडेदहाला वर, आणि गड बघायला तीन तास मिळतात. बारा वाजले तरी पहिल्या दरवाज्याशी पोचला नसाल तर तिथूनच परत फिरा. गड कुठे जात नाही.

पुण्याहून पहाटेची लोणावळा लोकल धरून मळवलीला उतरा. मुंबईकरांनी लोणावळ्याला येऊन पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने पुढचंच स्टेशन गाठायचं. स्टेशनातून बाहेर पडून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की रस्ता भाजे गावात जातो. भाजे लेणी बावीसशे वर्षांपूर्वीची आहेत, पण ती परतीला ठेवा, सकाळचं गार ऊन चढाईला वापरायचं. गावातून वर निघालेला रस्ता वळणं घेत गायमुख खिंडीत पोचतो. इथे डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. त्याच दिवशी विसापूरही उरकून टाकू असं कुणीतरी म्हणतंच. पहिल्या ट्रेकला नको. विसापूरच्या झाडीत वाटा फुटतात आणि तिथे चुकलेले लोक दरवर्षी दुपारी चारला भांबावलेले दिसतात.

उजवीकडून लोहगडवाडी गाठा. एखाद्या घरी जेवण सांगून ठेवा आणि किती वाजता उतरणार ते सांगा. पुढे पायऱ्या सुरू होतात. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे नागमोडी चढणीवर एकामागून एक येतात. प्रत्येक वळणावर खालच्यांवर वरून मारा करता यावा अशी ती रचना. लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे, तेव्हा कोळशाने नाव लिहायची हौस असलेला मित्र बरोबर नेऊ नका.

माथ्यावरून पवना धरण आणि त्यापलीकडे तुंग, तिकोना दिसतात. विंचूकाटा ही चिंचोळी माची पश्चिमेला लांबवर गेलेली आहे. तिच्याकडे उतरताना छोटा कातळटप्पा लागतो, तिथे तोंड कातळाकडे करून उतरायचं. दोन हात, दोन पाय, यातले तीन टेकलेले असतील तेव्हाच चौथा हलवायचा. कड्याच्या टोकाशी वारा असेल तर बसून बघा.

वाट वाचणं

लोहगडावर हे फारसं लागणार नाही, पण पुढच्या गडावर लागेल. वाट फुटली की आधी थांबा आणि पायाखाली बघा. माणसांच्या वाटेवरचे दगड माथ्यावर गुळगुळीत, थोडे फिकट झालेले असतात, वळणावर माती खचून पायरीसारखी झालेली असते आणि, दुर्दैवाने, चॉकलेटचे कागद दिसतात. ढोरवाटेवर शेण असतं, ती झुडपांच्या खालून जाते आणि कमरेच्या वर फांद्या आडव्या येतात. गुरांना वाकावं लागत नाही, आपल्याला लागतं. वाकावं लागू लागलं की समजा, तुम्ही गुरांच्या वाटेवर आहात. दहा मिनिटांत खूण पटली नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे जा. ‘खाली गाव दिसतंय, सरळ उतरू’ हा विचार सह्याद्रीत घातकी आहे. इथले डोंगर बेसॉल्टच्या थरांचे. गवताळ उताराखाली दोनशे फुटांचा सरळ कडा असू शकतो आणि वरून तो अजिबात दिसत नाही.

फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा आणि वर फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. त्याहून भरवशाचं म्हणजे पायथ्याच्या गावातलं माणूस. ‘मामा, वाट मळलेली आहे का? कुठे फुटते? गेल्या आठवड्यात कुणी वर गेलं होतं का?’ असं नेमकं विचारा. ‘अर्ध्या तासावर आहे’ असं उत्तर आलं तर तो अर्धा तास मामांचा आहे, तुमचा एक तास धरा. वाटाड्या घेतलात तर पैसे आधीच ठरवा आणि घासाघीस करू नका.

उतरताना

निघण्यापूर्वी बसून नाड्या सोडा, टाच मागे आपटून पक्की बसवा आणि घोट्याशी घट्ट बांधा. बोटं पुढे आपटणं निम्म्याने कमी होतं.

मुरमाड उतारावर, ज्याला आपण घसारा म्हणतो, भीतीने माणूस मागे रेलतो. त्याने वजन टाचेवर जातं, टाच सुटते आणि माणूस बुडावर आपटतो. गुडघे किंचित वाकवा, अंग थोडं पुढे घ्या, पाऊल जरा आडवं वळवा आणि पूर्ण तळवा टेकवा. पावलं छोटी, एक रुतलं की दुसरं. आधारासाठी वाळक्या गवताला हात घालू नका, ते मुळासकट हातात येतं. कारवीची हिरवी काडी बुडाशी धरली तर तगते, वाळकी मोडते. दोघांत अंतर ठेवा, एकाच्या सरळ रेषेत खाली दुसरा नको. दगड सुटला तर लाजू नका, मोठ्याने ‘दगड!’ ओरडा. खालच्याने वर बघायचं नाही, डोकं झाकून कातळाला चिकटायचं.

बिघडलं तर

मधमाश्या: कड्यांना आणि गुहांना आग्यामोहोळं असतात. अत्तर, डिओ, धूर आणि आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, डोकं-तोंड कापडाने झाका आणि शक्य तितक्या लवकर लांब जा.

साप: चावलेल्याला खाली बसवा, अवयव हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा आणि वेळ लक्षात ठेवा. कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नको. शक्यतो चालवू नका, उचलून न्या. विषावरचा उतारा सरकारी रुग्णालयात मिळतो, मांत्रिकाकडे नाही.

पाय मुरगळला: बूट लगेच काढू नका, सूज येऊन परत चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज बांधा, सॅक दुसऱ्याला द्या. पाऊल टेकवताच येत नसेल तर दोघांनी जखमीजवळ थांबावं आणि दोघांनी मदतीला खाली जावं. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, ही जगभर मानलेली मदतीची खूण आहे. फोन लागला तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. राज्यातल्या गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्रही आहे, त्याचा क्रमांक घरूनच फोनमध्ये साठवून ठेवा.

पुढचे गड

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतील, दोन-तीन दिवसांत बऱ्या होतात. हलकं चालत राहा. सांध्यात टोचल्यासारखं दुखत असेल तर मात्र डॉक्टरकडे जा.

लोहगड नीट जमला की तिकोना, मग लोणावळ्याहून राजमाची. चढ फारसा नाही पण पंधरा किलोमीटरच्या आसपासची चाल आहे, त्यातून अंतर पचवायला शिकता. त्यानंतर राजगड. पहिल्यांदा पाली दरवाज्याच्या रुंद वाटेने जा. गुंजवण्याहून चोरदरवाज्याची वाट खड्या चढाची आहे, ती पुढच्या वेळी. हरिश्चंद्रगड करायचा तर पाचनईहून. त्याच गडाची नळीची वाट, कलावंतीण, हरिहर आणि अलंग-मदन-कुलंग पहिल्या वर्षात नकोत, मोबाइलवर ते कितीही सोपे दिसोत. कलावंतीण-हरिहरला तर चढण्यापेक्षा अरुंद पायऱ्यांवर वरून येणाऱ्या गर्दीला वाट देणं अवघड असतं.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, म्हणून सगळ्यांना पहिल्याच महिन्यात हवं असतं. बारी गावातून निघणारी वाट सरळ आहे, पण चढ संपता संपत नाही आणि कातळांवर लोखंडी शिड्या आहेत. राजगड झाल्यावर, हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. शनिवार-रविवारी शिड्यांखाली रांग लागते आणि नवरात्रात वर देवीच्या दर्शनाला भाविकांची रीघ असते, ते दिवस त्यांना सोडा.